बांबू गवत की झाड?

परवा माळा आवरताना आईचे जुने सूप हाती लागले. कडा उसवल्या होत्या, पण वीण अजून घट्ट होती. शेजारचा शाळकरी मुलगा मदतीला आला होता. त्याला सहज विचारले, "काय रे, बांबू गवत की झाड?" "गवत!" त्याने पटकन सांगितले.

दिल्लीला मात्र हे उत्तर बरीच वर्षे मान्य नव्हते. इंग्रजांच्या अमदानीतल्या १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवले आणि स्वातंत्र्यानंतरही तो तिथेच राहिला. शब्दाने काय बिघडते, असे तुम्हा-आम्हाला वाटेल. पण ज्याचे घर जंगलाला लागून आहे, त्याने तिथला बांबू विनापरवाना तोडून विकला, तर तो गुन्हेगार ठरे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्यावर वनवासींची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना काही हाती येईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटायला तर २०१७ साल उजाडले.

म्हणजे सारे दिल्लीनेच केले का? तसे नाही. दिल्लीने कुलूप काढले. पण घर सांभाळायची तयारी गावाने कितीतरी आधीच केली होती. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा कायद्याहून जुनी. तिथे अभ्यासगट बसतो, कायदा समजून घेतो. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचे जरी पटले नाही, तरी पुन्हा चर्चा. वेळ लागतो, पण मग जंगल राखायलाही सारे गाव उभे राहते. ज्याचा निर्णय, त्याचीच राखण.

हे वाचून मला आमची सोसायटी आठवली. आवारातली झाडे, बोअरचे पाणी, ओला-सुका कचरा, सारे विषय पत्रिकेवर असतात. सभेला कोरम भरत नाही. अर्धा तास थांबून चार जण उरकून घेतात आणि वर्षभर आपण सरकारच्या नावाने बोटे मोडतो.

सुपाला नव्या कडा बांधून आणल्या आहेत. येत्या रविवारी आमची सभा आहे. या वेळी जाईन म्हणते.