पुन्हा कामी येणारे विकर

नागपुरातील कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात दाखल होणाऱ्या बटाट्यांत व धान्यांत जे पिष्ट साठलेले असते, त्याचे शर्करेत विघटन घडविणारे अमायलेज हे विकर, स्वतः खर्ची न पडताही, द्रावणात मिसळून गेल्यामुळे बहुधा एकाच वापरात गमावले जाते. घन कणांवर त्यास जखडावे, तर पिष्टाच्या अविद्राव्य कणांशी त्याची नीट गाठ पडत नाही. या पेचावरची मला अत्यंत मोहक वाटणारी तजवीज अशी, की विकर पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलामाइड या बहुवारिकाच्या साखळीस जोडावे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली ही साखळी पाण्यात विरघळून विकरास पिष्टाशी मोकळेपणी भिडू देते. उरलेला चोथा गाळून द्रावण त्याहून अधिक तापविले, की ती आकसते व विकरासह साका होऊन खाली बसते. तो साका थंड पाण्यात सोडताच विकर पुन्हा कामावर हजर! प्रत्येक फेरीत थोडी क्रियाशीलता घटते, हे खरे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संवेदनशील बहुवारिकांचा अभ्यास केला आहे. नागपूरच्या वैशाखात मात्र टाकीतले पाणीच ३२ अंशांपलीकडे जाते. म्हणून जलस्नेही घटक गुंफून ती सीमा वर नेलेले बहुवारिकच इकडे उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.