व्हॉल्व्हचा ॲम्प आणि शेजाऱ्याची भिंत

जुन्या व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्प्लिफायरबद्दल दोन गिटारवाले बोलू लागले की गप्पा हटकून व्हॉल्व्हवर येऊन अडतात. मुलार्डचा गोड की टेलिफुंकेनचा, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेला ईएल ८४ अजून कुठे कोऱ्या डब्यात मिळतो का, वगैरे. हा शौक वाईट नाही, पण खिशाला कात्री लावतो आणि आवाजात त्या मानाने थोडाच फरक पाडतो. एकाच जातीचे, तंदुरुस्त असलेले दोन व्हॉल्व्ह अदलून पाहावेत आणि मग त्याच ॲम्पला दोन वेगळे स्पीकर जोडून पाहावेत. पहिला फरक कान टवकारून शोधावा लागतो, दुसरा शेजारच्या खोलीतही कळतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की जुना ॲम्प पुन्हा वाजता करताना सर्वांत विचारपूर्वक निवडायची वस्तू म्हणजे स्पीकर. आणि माटुंग्यासारख्या दाट वस्तीत राहणाऱ्याने तो निवडताना ॲम्पच्या जन्मसालाकडे कमी आणि स्वतःच्या घराच्या भिंतींकडे जास्त पाहावे.

हे ॲम्प कोणत्या गरजेतून घडले ते आधी पाहू. १९५०-६० च्या दशकांत सभागृहातला लाऊडस्पीकर प्रामुख्याने गायकासाठी असे. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याची जबाबदारी ॲम्पवरच पडे. इंग्लंडमध्ये व्हॉक्सचा १५ वॅटचा एसी १५ किंचाळणाऱ्या श्रोत्यांपुढे ‘द शॅडोज’ या बँडला अपुरा पडू लागला, आणि पन्नासचे दशक संपता संपता दुप्पट ताकदीचा एसी ३० आला. व्हॉल्व्हमधून वॅट काढणे महाग, त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक वॅटचे जास्तीत जास्त आवाजात रूपांतर करणारे स्पीकर शोधले गेले. सेलेशनचा प्रसिद्ध निळा अल्निको स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देतो, त्यामागे हीच निकड होती. मुंबईत ‘तीसरी मंझिल’च्या काळात फिल्मी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार ठसठशीत ऐकू येऊ लागली, तेव्हा तीही स्टुडिओच्या मोठ्या दालनात किंवा हॉटेलांच्या नाचघरात वाजत होती. षण्मुखानंद सभागृहासाठी जो हिशेब योग्य, तो हिंदू कॉलनीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत उलटा पडतो.

पण स्पीकरपर्यंत पोचण्याआधी ॲम्प जिवंत तर व्हायला हवा. इथे मूळपणाचे भक्त आडवे येतात. आतला एकही भाग बदलला तर ॲम्प ‘मूळ’ राहत नाही, असा त्यांचा आक्षेप. लाकडी पेटी, चॅसी, ट्रान्सफॉर्मर यांच्याबाबत तो मला मान्य आहे. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरबाबत अजिबात नाही. त्यातला द्रव हळूहळू सुकतो, ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर झिजतो आणि पन्नास वर्षांनी राहते ती फक्त कंडेन्सरच्या आकाराची नळी. ती मग गुणगुणते, गळते आणि शेवटी पॉवर ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जाते. तेव्हा एक मूळ भाग वाचवायला जाऊन दुसरा, कितीतरी मोलाचा, मूळ भाग जाळण्यात शहाणपण कसले? कंडेन्सर नवे घालताना मात्र ‘मोठा तो बरा’ हा मोह टाळावा. जीझेड ३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या पुढे पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नसावा, ही उत्पादकाचीच मर्यादा आहे. दोन टप्प्यांना जोडणारे कागदी कंडेन्सर मुंबईच्या दमट हवेत विशेष बिघडतात. त्यांच्यातून डीसी व्होल्टेज पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर झिरपले की आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. हे डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नये. ग्रिडवर मल्टिमीटर लावला की चोरी आधीच पकडता येते. जुने कार्बनचे रेझिस्टन्सही दमटपणाने मूल्यात वाढतात, पण त्यांना सरसकट उपटू नये. जे मूळ मूल्यापासून फार सरकले आहेत किंवा खसखस आवाज करतात, तेवढेच बदलावेत.

आपल्याकडे विजेचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेतून आलेला त्या काळातला ॲम्प ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता नाही. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर लोखंडी गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून ६० हर्ट्झपुरताच बेतलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. अशा ॲम्पला ११७ ऐवजी ११० व्होल्ट दिले तर बिघडत काहीच नाही. ६.३ व्होल्टचे हीटर ५.९ वर येतात, जे चालण्यासारखे आहे, आणि ट्रान्सफॉर्मरला थोडा श्वास मिळतो. ब्रिटिश ॲम्पांना बहुधा २०० ते २५० व्होल्टचे पर्याय मागेच दिलेले असतात, फक्त निवड योग्य जागी आहे की नाही ते पाहावे. दोन तारांची जुनी वायर काढून तीन तारांची लावणे, चॅसीला अर्थ जोडणे आणि मेनपासून चॅसीकडे जाणारा तो बदनाम कंडेन्सर काढून टाकणे यात मूळपणाची चर्चा करूच नये. माटुंगा-दादरच्या जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तार खरोखर आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. पहिल्यांदा चालू करताना वायरमनचा सिरीज लॅम्प वापरावा, साधा ६० किंवा १०० वॅटचा तापून उजळणारा दिवा, एलईडी नव्हे. दिवा भगभगीत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि बंद ॲम्पच्या कंडेन्सरमध्येही तीन-चारशे व्होल्ट साठून राहतात. ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येत नाहीत, त्याने हे काम जाणकाराकडेच न्यावे.

आता स्पीकर. आधी जुन्याचीच चौकशी करावी. अमेरिकी स्पीकरच्या चौकटीवर आकडे छापलेले असतात. २२० ने सुरुवात असेल तर जेन्सन, ६७ असेल तर एमिनन्स, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. जेन्सनवर २२०६३२ असे असेल तर तो सहाने संपणाऱ्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. ते वर्ष १९५६ की १९६६ हे ॲम्पवरून ठरते. आठ ओमचा धडधाकट स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा-सात ओम दाखवतो. कोन दोन्ही हातांनी समतोल, अलगद दाबून पाहावा. खरखर आली तर कॉइल चुंबकाला घासते आहे. कागद फाटला किंवा कॉइल जळली तरी चौकट आणि चुंबक शाबूत असतील तर नवा कोन बसवता येतो. फक्त कोन, स्पायडर आणि कॉइल त्याच स्पीकरच्या जातीची हवी. मंडपाच्या स्पीकरचा जाड कोन घातला तर चौकट जुनी आणि आवाज तिसराच, असा प्रकार होतो.

नवाच घ्यायचा तर ओमबाबत तडजोड नको, ॲम्पला हवा तेवढ्याच ओमचा घ्यावा. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारे व्होल्टेज त्याचे वाइंडिंग फोडू शकते. वॅटचा आकडा सोसण्याची ताकद सांगतो, आवाजाची उंची नाही. दुकानात सर्वाधिक गैरसमज याचाच असतो. व्हॉल्व्हचा ॲम्प ताणला की छापील आकड्याच्या वर जातो, म्हणून १५ वॅटच्या ॲम्पला २५-३० वॅटचा स्पीकर असावा. खरा प्रश्न संवेदनक्षमतेचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल याचा आहे, आणि तो आकडा खोक्यावर सहसा ठळक नसतो. १०० डेसिबलच्या स्पीकरवर १५ वॅट म्हणजे एक मीटरवर सुमारे ११२ डेसिबल. सेलेशनचाच दहा इंची टेन ३० घेतला, ९५ डेसिबलचा, तर १०७. पाच डेसिबल कागदावर क्षुल्लक वाटतात, पण तेवढ्यासाठी ॲम्पची ताकद १५ वरून पाच वॅटवर आणावी लागली असती. म्हणजे स्पीकर बदलून ॲम्पचे दहा वॅट गिळता येतात आणि व्हॉल्व्हला मात्र ताण देऊन तो हवाहवासा फाटका सूर काढता येतो. दहा इंची स्पीकरसाठी बारा इंची भोकावर प्लायवूडची पट्टी बसवावी. पेटी कापू नये. एमिनन्सने तर चुंबकाचा जोर मागच्या गुंडीने कमी-जास्त करून सुमारे नऊ डेसिबलपर्यंत आवाज उतरवणारे स्पीकरही काढले.

यावर पहिला आक्षेप असा की कमी संवेदनक्षम स्पीकर निस्तेज वाजतात. काही वाजतात, सगळे नाहीत. स्वर ठरतो तो कागदाचे वजन, कॉइलचा व्यास, चुंबकाचा प्रकार या सर्वांवरून मिळून. दुसरा आक्षेप अटेन्युएटरवाल्यांचा: ॲम्प आणि स्पीकरच्या मधे ताकद शोषणारा खोका लावा आणि मूळ स्पीकर ठेवा. उपाय चालतो, पण फार खाली उतरवले की आवाज पातळ होतो. मंद आवाजात आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. तिसरा आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही. १०७ डेसिबल हा आवाज तरीही फार मोठा आहे. साडेचार इंची विटेची भिंत ढोबळमानाने ४५ डेसिबल अडवते असे धरले तरी पलीकडे ६० च्या वर उरतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५, रात्री ४५ ची मर्यादा आहे. शिवाय हा आकडा खिडक्या बंद धरून आहे आणि मुंबईत मे महिन्यात त्या बंद ठेवणार कोण? त्यामुळे १५ वॅटचा ॲम्प दिवसा, अर्ध्यावर, आणि पाच वॅटचा थोडा अधिक मोकळेपणाने, एवढाच हिशेब बसतो. मागून उघडी पेटी असेल तर तिची पाठ शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको, आणि ॲम्प फरशीवर न ठेवता लाकडी खुर्चीवर ठेवावा, म्हणजे खालच्या मजल्यावर खर्ज कमी उतरतो.

काढलेला मूळ स्पीकर विकू नये. सुक्या कपड्याने पुसावा, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पावसाळ्यानंतर पुड्या बदलाव्यात. ॲम्प कधी खरोखर मोठ्या सभागृहात न्यायचा झाला तर चार स्क्रू आणि दोन तारा, एवढेच काम उरते.