प्रश्न विचारणारा खेळ: अवकाश दुर्बिणीची ओळख करून देणारा खेळ विहारात कसा बनवता येईल?

आज वस्तीतल्या बहुतेक मुलांच्या हाती कधी ना कधी मोबाईल येतो आणि त्यात खेळही असतात. पण ते खेळ दुसऱ्याने बनवलेले. आपली मुले फक्त खेळणारी. विज्ञानाचेही तसेच होते. शोध लावणारे कोणीतरी वेगळे, आपण फक्त पाठ करून पेपर लिहिणारे, ही समजूत मुलांच्या मनात नकळत रुजते. ती मोडायची असेल तर मुलांनी स्वतः काहीतरी बनवले पाहिजे. रविवारी विहारात येणारी मुले आणि दोन-तीन कार्यकर्ते मिळून अवकाश दुर्बिणीवरचा एक खेळ सहज तयार करू शकतात. त्याला पुठ्ठा, स्केचपेन आणि एक फासा एवढेच साहित्य लागते.

विषय म्हणून जेम्स वेब दुर्बीण घ्यावी. अमेरिका, युरोप आणि कॅनडाच्या अवकाश संस्थांनी मिळून ती 25 डिसेंबर 2021 रोजी अवकाशात पाठवली. मनुस्मृती दहनाच्या वर्धापनदिनीच ती निघाली, हा निव्वळ योगायोग. पण आपल्या मुलांच्या ती तारीख चटकन लक्षात राहील.

आधी विज्ञान समजून घेऊ

ही दुर्बीण प्रामुख्याने अवरक्त किरण टिपते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येक उबदार वस्तू ते बाहेर टाकते. दुर्बीण स्वतःच गरम राहिली तर तिच्याच उष्णतेने ती आंधळी होईल. म्हणून तिच्यावर टेनिसच्या मैदानाएवढी, पाच थरांची सूर्यढाल आहे. ढालीच्या सावलीत तापमान उणे 220 अंश सेल्सिअसच्याही खाली जाते.

दूरचा अंधुक प्रकाश गोळा करायला आरसा मोठा लागतो. वेबचा आरसा 6.5 मीटर रुंद आहे, पण तिला नेणाऱ्या एरियन 5 रॉकेटचे टोक बाहेरून सुमारे 5.4 मीटर. म्हणून आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा केला, घडी घालून रॉकेटमध्ये बसवला आणि अवकाशात उघडला. ढालीचेही तसेच. एकच बिघडले तरी सगळी मोहीम धोक्यात येईल, अशा 344 जागा या दुर्बिणीत होत्या. ती पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर असल्याने दुरुस्तीला तिथे कोणी जाऊ शकत नव्हते.

मोठा आरसा हवा म्हणून घडी, घडी आली म्हणून धोका, धोका आला म्हणून चाचणी. एका कारणातून दुसरे कसे उभे राहते ते मुलांना इथे दिसते. प्रतीत्यसमुत्पाद समजावताना हे उदाहरण जरूर वापरा. मात्र 'बुद्धांनी हे आधीच सांगितले होते' असा दावा करू नका. विज्ञानाला धम्माच्या शिक्क्याची गरज नाही आणि धम्मालाही अशा बढाईची गरज नाही.

खेळाचे नियम

प्रत्येक गटाला 100 गुण द्या. रॉकेटला 20 गुण, सूर्यढालीला 20, घडीच्या मोठ्या आरशाला 40. उरतात 20.

आता सहा पत्ते मांडा: ढाल उलगडणे, ढाल ताणणे, ढालीचे थर वेगळे करणे, दुय्यम आरशाचा हात उघडणे, मुख्य आरशाची डावी बाजू उघडणे, उजवी बाजू उघडणे. उड्डाणाआधी एका पायरीची चाचणी घ्यायला 5 गुण लागतात. तपासलेली पायरी सुरक्षित. न तपासलेल्या पायरीसाठी फासा टाकायचा. 1 पडला की मोहीम फसली.

उरलेल्या 20 गुणांत चारच पायऱ्या तपासून होतात. एक डाव थांबले तर 10 गुण जादा मिळतात आणि सहाही तपासता येतात, पण तोवर दुसरा गट पुढे जातो. खरी वेबसुद्धा ठरल्यापेक्षा अनेक वर्षे उशिरा निघाली. मोठ्या मुलांना गणित करायला लावा: सहाही पायऱ्या न तपासता पाठवल्या तर यशाची शक्यता तीनात एक एवढीच राहते.

मोहीम फसली की 'हरलास' म्हणून मुलाला बाजूला बसवू नका. नेमके कोणत्या निर्णयामुळे असे झाले, हे त्याच गटाने सर्वांना सांगायचे आणि पुन्हा खेळायचे. खरे शिकणे इथेच होते.

हबलचा पत्ता विसरू नका

1990 मध्ये पाठवलेल्या हबल दुर्बिणीची चित्रे अस्पष्ट आली. आरशाचा काठ केसाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा चुकीचा घासला गेला होता. चूक मुळात मोजणाऱ्या उपकरणाच्या जुळणीत होती. दुसऱ्या साध्या चाचण्यांनी इशारा दिला होता, पण मुख्य उपकरण जास्त अचूक मानले जात असल्याने त्याच्यावरच विश्वास ठेवला गेला. हबल पृथ्वीपासून जेमतेम 600 किलोमीटरवर होती, म्हणून डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन ती दुरुस्त केली.

परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण विहारात नेहमी ऐकतो. हबलची गोष्ट सांगते की मोठ्या यंत्राचा शब्दही तपासून घ्यावा लागतो. संविधानाच्या कलम 51क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे, ते याच अर्थाने. आकाश म्हटले की रास आणि ग्रहशांती आठवणाऱ्या घरांत मुलाने 'हे कोणी तपासले?' एवढे विचारले, तरी खेळ सार्थकी लागला.

पुढचे पाऊल

पुठ्ठ्यावर खेळ जमला की संगणकावर न्या. स्क्रॅच हे मोफत साधन आहे. त्यात रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनतो आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. भाषा मुलांची ठेवा. खेळ पहिल्यांदा मुलांसमोर ठेवाल तेव्हा काही समजावू नका, गप्प बसून पाहा. मुले जिथे अडतील तो नियम बदला.

दुसरा खेळ भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर करता येईल. 28 सप्टेंबर 2015 रोजी गेलेल्या या वेधशाळेच्या उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा वाटा आहे. हे काम आपल्या शेजारी होते, हे मुलांना कळू द्या.

येत्या जयंतीला विहारात एक टेबल या खेळासाठी राखून ठेवा, आणि तो समजावून सांगायला मोठ्यांऐवजी बनवणाऱ्या मुलांनाच उभे करा.

जय भीम! नमो बुद्धाय!