कवट्यांची मापे आणि प्राचीन इजिप्शियनांचे मूळ

प्राचीन इजिप्तचे लोक मूळचे कोठले, या प्रश्नाचे उत्तर थडग्यांतून निघालेल्या कवट्या मोजून मिळेल, असा विश्वास अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे बाळगला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन यांनी, कैरोतील अमेरिकी वकिलातीत काम केलेल्या जॉर्ज ग्लिडन यांनी पाठवलेल्या कवट्यांच्या आधारे, १८४४ मध्ये ‘क्रेनिया इजिप्टिआका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाईलच्या खोऱ्यातील मूळ रहिवासी ‘कॉकेशियन’ वंशाचे, म्हणजे युरोपीयांना ज्यात गणले जाई त्या वंशाच्या एका शाखेचे होते आणि कृष्णवर्णीय तेथे मुख्यतः सेवक व गुलाम म्हणून राहत होते, असा निष्कर्ष त्यात होता. अमेरिकेत गुलामगिरीवरून संघर्ष पेटलेला असताना तिच्या समर्थकांना हा निष्कर्ष सोयीचा ठरला. त्याला स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५४ मधील एका जाहीर भाषणात सविस्तर उत्तर दिले.

पुढे ‘शीर्ष निर्देशांक’ रूढ झाला. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणल्यावर येणारा हा आकडा ७५ पेक्षा कमी असल्यास डोके लांबट आणि ८० पेक्षा अधिक असल्यास रुंद मानले जाई, आणि या प्रकारांना वंशाची स्थिर खूण समजले जाई. फ्लिंडर्स पीट्री यांनी १८९४-९५ मध्ये नाकाडा येथे उत्खनन केले, तेव्हा तेथील थडगी बाहेरून आलेल्या एखाद्या ‘नव्या वंशा’ची असावीत असे त्यांना वाटले, वस्तुतः ती फेरोंच्या पूर्वीच्या स्थानिक लोकांचीच निघाली. तरीही राज्यसंस्था बाहेरच्या आक्रमकांनी आणली, ही कल्पना ‘राजवंशीय वंशा’च्या नावाने टिकून राहिली आणि शरीररचनाशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी १९५६ मध्येही कवट्यांच्या मापांवरूनच तिची पाठराखण केली.

एका निर्देशांकाऐवजी अनेक मापे एकत्र तोलण्याची पद्धत विकसित झाल्यावर विवेचन अधिक काटेकोर झाले. भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडलेले ‘अंतर’, ज्यात मापांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे ठरवले जाते, याच कामी आले. परंतु गणित कितीही सूक्ष्म असले, तरी कोणत्या कवट्या निवडल्या यावर उत्तर अवलंबून राहते. विल्यम हॉवेल्स यांच्या १९७३ च्या जगव्यापी अभ्यासात इजिप्तचे प्रतिनिधित्व गिझाच्या उत्तरकालीन, म्हणजे २६ ते ३० व्या राजवंशांच्या काळातील कवट्यांनी केले. शोमार्का कीटा यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, दक्षिणेकडील राजवंशपूर्व कवट्या नूबियातील, म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाच्या प्रदेशातील, कवट्यांशी अधिक जवळीक दाखवतात, म्हणून एकाच ठिकाणचा उशिराचा संच साऱ्या देशाचा नमुना मानता येत नाही. शिवाय डोक्याचा आकार पूर्णपणे आनुवंशिक नसतो, तो परिस्थितीनेही बदलतो, हे फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेतील स्थलांतरितांच्या मापांवरून १९१२ मध्येच मांडले होते.

वंशाच्या चौकटीतून प्रश्न विचारण्याची सवय मात्र सुटली नाही. १९७४ मध्ये कैरो येथे युनेस्कोने भरवलेल्या परिसंवादात सेनेगलचे शेख अंता डिओप यांनी इजिप्शियन लोक कृष्णवर्णीय आफ्रिकीच होते असा आग्रह धरला, पण सहभागी तज्ज्ञांत एकमत झाले नाही.

आता हाडांतील डीएनएही वाचता येतो. अबुसिर अल-मेलेक येथील ममींवरील २०१७ च्या संशोधनात त्यांची पश्चिम आशियाशी जवळीक आढळली. पण तो मध्य इजिप्तमधील एकाच गावचा आणि उशिराच्या काळाचा पुरावा होता. २०२५ मध्ये नुवैरात येथील, पिरॅमिडयुगाच्या आरंभकाळातील एका पुरुषाच्या पूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, त्यात सुमारे ८० टक्के अंश उत्तर आफ्रिकी आणि उरलेला मेसोपोटेमियाकडचा निघाला. हा निष्कर्षही एका व्यक्तीपुरताच आहे. तात्पर्य, नाईलकाठची माणसे उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाक्रमाने बदलत जातात आणि काळानुसारही बदलतात, त्यामुळे कवटी असो वा जनुक, ‘कोणत्या वंशाचे’ यापेक्षा ‘कोणत्या गावचे, कोणत्या शतकातले’ हा प्रश्नच त्यांना विचारणे फलदायी ठरते.