बाहेर काय काढायचं?

सुरतच्या गोडादऱ्यात संध्याकाळी गणित शिकवायचं म्हणजे शेजारच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर आवाज चढवूनच. वस्ती बरीचशी खानदेशी. समोरचा एमएस्सीचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, माझ्याशी मराठी, मित्रांशी गुजराती. वही मात्र इंग्रजीत. अडला होता लॉरां श्रेणीपाशी.

गणित परीक्षेतलं नेहमीचं: १ भागिले (झेड−१)(झेड−२). फलन १ आणि २ या दोनच बिंदूंवर बिघडतं, बाकी सगळीकडे होलोमॉर्फिक. आंशिक अपूर्णांक त्यानं पटकन पाडले: १/(झेड−२) वजा १/(झेड−१). इथवर सगळेच येतात. पुढे पेन अडतं, कारण छेदातून बाहेर काय काढायचं ते ठरवावं लागतं. सगळा खेळ भूमितीय श्रेढीचा, आणि तिचं गुणोत्तर मापानं १ पेक्षा लहानच हवं.

झेड शून्याभोवतीच्या १ त्रिज्येच्या वर्तुळात असेल, तर दोन्हीकडून आकडाच बाहेर येतो: १/२, ३/४ झेड, ७/८ झेडवर्ग... ही साधी टेलर श्रेणी. प्रश्न मात्र १ आणि २ यांच्यामधल्या वलयाचा होता, आणि त्यानं सवयीनं हेच उतरवलं.

"दीड घालून बघ."

मूळ फलन उणे चार देतं. त्याच्या श्रेणीची पदं ०.५, १.१२५, मग जवळपास दोन; सगळी धन आणि वाढत चाललेली.

"सर, ही तर भलतीकडेच निघाली!"

मग २ वाल्या पदातून २ काढला आणि १ वाल्यातून झेड. दोन्ही श्रेढ्यांची बेरीज प्रत्येकी उणे दोन. जमलं. २ च्या पलीकडे दोन्हीतून झेड निघतो. मुलं याची तीन सूत्रं पाठ करतात. माझं म्हणणं, आधी बिघडलेले बिंदू मांडून वर्तुळं काढा, पेन नंतर उचला.

लॉरां हा फ्रेंच लष्करी अभियंता, ल हाव्रच्या बंदराच्या कामावर होता. १८४३ साली या श्रेणीवरचा त्याचा निबंध पॅरिसच्या अकादमीकडे पोचला तो स्पर्धेची मुदत टळल्यावर. वायरस्ट्रासला हेच १८४१ मध्ये सापडलं होतं, पण त्यानं छापलं नव्हतं. मुदत चुकल्याचं ऐकून पोरगा खूश झाला.

मग त्यानं खरा प्रश्न काढला. शून्यावर फलन धडधाकट आहे, मग वलयातल्या श्रेणीत १/झेड कुठून आलं? त्याचा सहगुणक उणे एक. मी १ पाशी फलनाचा रेसिड्यू काढायला सांगितला. तोही उणे एक आला. वलयातून फिरणारं वर्तुळ १ ला पोटात घेतं; शून्य नुसतं मध्यभागी असतं.