‘दाढ दुखतेय, एवढंच!’

‘‘दाढ दुखतेय गं, बाकी काही नाही.’’

मे २०२१ मध्ये मोठ्या जाऊबाई फोनवर असं म्हणाल्या, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. करोनातून उठून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ऑक्सिजन, स्टेरॉइड सगळं झालं होतं. घरी आल्या त्या थेट ओट्याशीच उभ्या! भाऊजींची साखर वेळच्या वेळी तपासणार; स्वतःलाही दहा वर्षांचा मधुमेह आहे, हे मात्र सोयीस्कर विसरणार.

चार दिवसांनी एका बाजूचं नाक चोंदलं. गाल बधिर झाला, डोळ्याखाली सूज आली. ‘‘पडसं असेल, वाफ घेते,’’ हे चालूच. शेवटी पुतणीनं हट्टानं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. साखर चारशेच्या वर, आणि निदान म्युकरमायकोसिस. म्हणजेच काळी बुरशी.

घरात बुरशी आली कुठून? मी तर फ्रीज पुसायलाच घेतला! डॉक्टरांनी समजावलं, ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात असतेच. तिचे सूक्ष्म कण आपण सगळेच श्वासाबरोबर घेतो. धडधाकट शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. साखर वाढली की या पेशी मंदावतात. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, वर साखरही वाढवतं. पहारेकरीच पेंगला की चोराचं फावणारच! मग बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडतं, तिथला भाग मरून काळा पडतो. ती एकापासून दुसऱ्याला होत नाही. तरी शेजारणी आमच्याकडचा डबा घ्यायला बिचकत होत्या.

अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनची तेव्हा टंचाई होती. पुतण्या दुकानं पालथी घालत होता. वरच्या जबड्याचा उजवा भाग काढावा लागला. डोळा वाचला, ताई वाचल्या. आता टाळूला कवळीसारखी पट्टी लावून जेवतात. भाकरी मात्र दुधात कुस्करावी लागते.

करोनात स्टेरॉइडनंच त्यांना तारलं, हेही खरं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, सांगितलं तितकेच दिवस घ्यायचं आणि साखरेवर नजर ठेवायची. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीबाधित यांनाही अशा संधिसाधू बुरशींचा धोका असतो. तोंडात पांढरे चट्टे आले, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये. चेहऱ्याची एकच बाजू दुखणं, दात हलणं, नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांची औषधं आपल्याला तोंडपाठ असतात. आपली शेवटची साखर किती होती, आठवतंय?

परवा सकाळी ताईंकडे गेले होते. भाऊजी चहाचा कप हातात धरून उभे, आणि ताई बोट पुढे करून म्हणत होत्या, ‘‘आधी माझी साखर बघा, मग चहा!’’