पाव सुताचा हिशेब

दोन फळ्या काटकोनात जोडताना खिळ्यावर किंवा स्क्रूवर भरवसा न ठेवता लाकडातच कापलेल्या दातांनी एकमेकींना धरून ठेवणारा सांधा म्हणजे डव्हटेल. यात एका फळीच्या टोकाशी असे दात कापतात की ते बाहेरच्या कडेकडे रुंद होत जातात. त्यांना शेपट्या म्हणतात, आणि दुसऱ्या फळीवरचे जे उलट उताराचे दात त्यांच्या मधल्या जागा भरून काढतात त्यांना पिना म्हणतात. कपाटाचा खण ओढला की सारी ओढ दर्शनी फळीवर येते, पण बाजूच्या फळीवरील शेपट्यांची रुंद टोके पिनांमधून निसटू शकत नाहीत, त्यामुळे सरस पुढेमागे सुटला तरी कोपरा उघडत नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील सुतारांच्या दुकानांत आज येणारे बरेचसे काम प्लायवूड आणि सनमायकाचे असते व त्यात या सांध्याला स्थान नाही, कारण थरांनी बनलेल्या पातळ फळीत असे दात टिकत नाहीत. तो मागितला जातो तो सागाच्या खणासाठी, देवघरासाठी, किंवा जुन्या वाड्यातील पेटीची दुरुस्ती निघाली तर.

हाताने हा सांधा कापण्याची रीत ठरलेली आहे. खतावणीने फळीच्या टोकापासून दुसऱ्या फळीच्या जाडीएवढ्या अंतरावर रेघ ओढायची, गुण्या लावून खुणा उतरवायच्या, बारीक दातांच्या करवतीने उतार कापायचे आणि मधले लाकूड पटाशीने, दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे, काढून टाकायचे. उतार साधारणपणे मऊ लाकडात सहास एक व कठीण लाकडात आठास एक असा धरतात, म्हणजे सुमारे साडेनऊ आणि सात अंश. या रीतीतील खरी खुबी पुढे आहे: शेपट्या कापून झाल्या की तीच फळी उभ्या धरलेल्या दुसरीच्या टोकावर आडवी ठेवून शेपट्यांच्या कडेने पिना आखल्या जातात, त्यामुळे एखादी शेपटी तिरकी किंवा जाड झाली असली तरी तिची पिन तिच्याच मापाची निघते. हातकाम चूक सामावून घेते ते असे. यंत्र ही सवलत देत नाही, आणि हातकाम येत असलेल्या सुतारालाही राउटरवर हा सांधा नव्याने शिकावा लागतो तो याच कारणाने.

राउटर हे मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारे, टोकाशी कार्बाइडचे पाते असलेले बिट फिरवणारे यंत्र होय. ते टेबलाखाली उलटे टांगून बिट वर काढले की राउटर टेबल तयार होते. यंत्र स्थिर राहते आणि लाकूड त्याच्यावरून सरकवले जाते. डव्हटेलचे बिट टोकाशी रुंद व बुडाशी अरुंद असते, म्हणून फळी टोकावर उभी करून त्यावरून नेली की आत रुंद होत जाणारी खाच पडते आणि दोन खाचांमध्ये उरते ती शेपटी. प्रश्न उरतो तो एवढाच की पहिल्या खाचेपासून दुसरी नेमक्या अंतरावर कशी पाडावी. त्याचे उत्तर म्हणजे स्थाननिश्चितीचा जिग. फळी ज्या आधारपट्टीला टेकवून सरकवली जाते ती पट्टी हा जिग ठरावीक टप्प्यांनी पुढेमागे सरकवतो व प्रत्येक टप्प्यावर घट्ट धरून ठेवतो. या प्रकारातील सर्वाधिक परिचित अमेरिकी जिग ‘इंक्रा’ या नावाचा असून त्यात करवतीसारख्या दातांच्या दोन पट्ट्या एकमेकींत बसतात, आणि एक दात सोडून पुढच्या दातात पट्टी बसवली की सरक होते इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे ०.७९ मिलिमीटर.

मराठवाड्यातील सुताराला हे माप परके नाही. तो टेपवर मिलिमीटर छापलेले असले तरी सुतात बोलतो, इंचाचे आठ सूत करतो, आणि इंचाचा बत्तिसावा भाग म्हणजे त्याचा पाव सूत. चार सुताचे बिट, साडेसहा सुताचे अंतर, सहा सुताची दर्शनी फळी, असे बोलणे ऐकू आले की आयात यंत्राची गणिते एकदम ओळखीची वाटू लागतात. एवढेच नव्हे, हा जिग बीडच्या हार्डवेअर दुकानात मिळणारी वस्तू नसली तरी त्याचे काम भागवणारी वस्तू तेथे मिळते: तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, आट्यांची सळई. व्हिटवर्थ पद्धतीच्या या सळईला इंचास सोळा आटे असतात, म्हणून एक पूर्ण फेरा अर्धा सूत आणि अर्धा फेरा पाव सूत सरक देतो. प्लायवूडची सरकती बैठक टेबलावर बसवून तिच्यात नट पक्का करायचा, सळईच्या टोकाला मूठ लावायची, की पट्टी हिशेबाने हलवणारा जिग झाला. त्यात एक खोट राहते: नट व आटे यांच्यात किंचित ढिलाई असते, त्यामुळे मूठ उलट फिरवली की पहिला थोडा भाग वाया जातो आणि माप बिघडते. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे प्रत्येक जागेवर नेहमी एकाच दिशेने फिरवत यायचे आणि पुढे निघून गेल्यास पूर्ण एक फेरा मागे नेऊन पुन्हा यायचे.

कापण्याचा क्रम पाहिल्यास शिकणाऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे ते दिसते. बाजूची फळी उभी धरून ठेवण्यासाठी पट्टीवर सरकणारा काटकोनी आधार लागतो. तिच्या पाठीशी टाकाऊ फळी शिकंज्यात आवळली नाही तर बिट बाहेर पडताना लाकडाचा छिलका उडतो. फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची, म्हणजे बिटाची ओढ तिला पट्टीकडे दाबते. खाच एकाच फेरीत पूर्ण खोलीची कापावी लागते, कारण थोडे थोडे बिट वर घेतल्यास त्याचे रुंद टोक आधीच्या अरुंद भागातून जाताना तो रुंद करून टाकते. फळी मध्येच उचलली तरीही तेच होते. दर्शनी फळी याउलट आडवी, आतली बाजू खाली करून, तिचे टोक बिटाकडे ठेवून सरकवतात आणि थांब्यापाशी आली की आल्या वाटेने मागे घेतात. तिच्या खाचेचे आतले टोक गोल येते, म्हणून बिटाचा मध्य बाजूच्या फळीच्या जाडीएवढा आत जाऊ द्यावा लागतो, किंवा शेपटीच्या आतल्या कडा कानशीने गोल कराव्या लागतात. शिवाय खणाच्या एका कोपऱ्याला फळीची खालची कड पट्टीला टेकते तर दुसऱ्या कोपऱ्याला वरची, म्हणून मोजणी कडेपासून न करता फळीच्या मध्यापासून धरावी. यातला गोंधळ पहिल्याच खणात हमखास होतो.

अंतर जिग सांभाळतो, पण सांधा घट्ट की सैल हे बिटाच्या उंचीवर ठरते, आणि हे बहुतेकांना उशिरा कळते. चार सुताचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे, चौदा अंशांचे बिट टेबलावर ९.५ मिलिमीटर काढले, तर खाच तळाशी १२.७ व टेबलाच्या पातळीवर सुमारे ८ मिलिमीटर रुंद पडते; खाचांच्या मध्यांतील अंतर साडेसहा सूत, म्हणजे २०.६ मिलिमीटर व मुठीचे तेरा फेरे, ठेवले की शेपटीचे रुंद टोक १२.७ च्या जवळ उरते आणि ते दुसऱ्या फळीच्या खाचेत हाताच्या दाबाने बसते. दुसऱ्या फळीवरील खाचा पहिलीच्या शेपट्यांसमोर यायला हव्यात, म्हणून तिची सुरुवात साडेसहा फेऱ्यांनी पुढे सरकवलेली असते. आता बिट ०.२ मिलिमीटर जरी वर घेतले तरी प्रत्येक शेपटी ०.१ मिलिमीटरने रुंद होते, आणि पाच शेपट्या एकाच वेळी अडल्या की मोगरीने ठोकूनही फळी खाली जात नाही. जोर केलाच तर दर्शनी फळी धाग्यावर चिरते. थोडक्यात, वर घेतले की घट्ट, खाली घेतले की सैल. हातकामात प्रत्येक दाताचा निर्णय वेगळा असतो. येथे एकच निर्णय सर्व दातांना लागू होतो, आणि म्हणून तो टाकाऊ तुकड्यांवर, त्याच लाकडाच्या, त्याच जाडीच्या, घेतला पाहिजे.

‘त्याच लाकडाच्या’ या अटीला येथे वजन आहे. चौदा अंशांचा उतार चारास एक इतका तीव्र असल्याने शेपटीच्या टोकाचे कोपरे आखूड धाग्याचे होतात. सागात ते टिकतात, बाभळीसारख्या कठीण व आडव्यातिडव्या धाग्याच्या लाकडात ते सहज उडतात, तेथे आठ अंशांचे बिट बरे. दुसरी गोष्ट हवामानाची. बीडचा वैशाख कमालीचा कोरडा आणि श्रावण दमट असतो. सागाच्या आडव्या चिरीच्या दोनशे मिलिमीटर रुंदीच्या फळीत ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर रुंदी सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. जुळलेल्या दोन फळ्या एकत्रच फुगत असल्याने सांध्याला त्याचा त्रास होत नाही, पण एक फळी उन्हाळ्यात कापून तिची जोडीदार पावसाळ्यात कापली तर मध्यापासून दूरच्या शेपट्या खाचांसमोर येत नाहीत. जोडीच्या फळ्या एकाच बैठकीत कापाव्यात, हा हातकामातला शिरस्ता यंत्रावर अधिक कडक पाळावा लागतो.

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक, आणि पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांपैकीही एक. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. तिच्यात अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचे विद्यावेतन आहे. त्या रकमेत तयार परदेशी जिग घेण्याचा विचार शहाणपणाचा ठरणार नाही. बरा राउटर, दोन चांगली बिटे आणि तीन सुती सळई हा खर्च अधिक फळ देणारा आहे, कारण सळईचा जिग मोडला तर गावातच दुरुस्त होतो.

बिटाची उंची ठरवताना जुळलेला नमुना तुकडा मात्र फेकू नये. त्यावर बिटाचा कोन, फेऱ्यांचा आकडा आणि लाकडाचे नाव पेन्सिलीने लिहून तो त्या बिटाबरोबर डब्यात ठेवला, तर पुढच्या खणाच्या वेळी तुकडा टेबलावर उभा करून त्याच्या खाचेच्या तळापर्यंत बिट वर घेतले की उंची लागते, आणि नव्या लाकडासाठी उरते ती फक्त शेवटची केसभर दुरुस्ती.